शेपटीला सूतभर

वाल्पाराइसोत अंगण कुणालाच नसतं,
उतार सगळ्यांना असतो.
हातून काही सुटलं, लिंबू, चेंडू, एखादा वाईट शब्द,
की थेट बंदरापर्यंत.

माझी विमानंच तेवढी जायची नाहीत.
तिसऱ्या पायरीवर नाक आपटून
तिथंच उताणी.

डोन आनाक्लेतो टेकडीचा डबा चालवायचे,
रुळांवरून वर, रुळांवरून खाली.
म्हणाले, तुझ्या हाताला राग आलाय पोरी.
फेकू नकोस.
चालायला शिकणाऱ्या लेकराचं बोट सोडतात ना,
तसं सोड.

मग दोन फेऱ्यांमधल्या सात मिनिटांत शिकवणी.
घडी बोटानं नाही, नखानं.
मधली रेघ चुकली तर पुढचं सगळंच खोटं.
वजन नाकात हवं, पोटात नको.
आणि शेपटीची कड वर उचल,
सूतभर.
सूतभर म्हणजे सूतभर, बोटभर नव्हे!

वहीचा कागद लुळा पडायचा.
वर्तमानपत्र दमट, समुद्रानं आधीच वाचून ठेवलेलं.
घरात कडक कागद एकच होता,
टेबलावर, मीठदाणीखाली,
गोदीच्या कंपनीकडून बाबांना आलेला.
बावीस वर्षं, तीन ओळी, निळा शिक्का.
मी तो वाचला नव्हता,
असं मी नंतर सांगितलं.

नखानं रेघ ओढली.
‘सेवा’ डाव्या पंखावर गेली,
‘समाप्त’ आत, पोटाच्या घडीत.
शेपटीला सूतभर.
सोडलं.

पडलं नाही.
आधी जरा विचारात थांबल्यासारखं झालं,
मग हवेनं खालून हात दिला
आणि लाल पत्र्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून,
गच्चीवर झोपलेल्या कुत्र्यावरून
गेलं, गेलं.
डोन आनाक्लेतो दार उघडं टाकून बघत राहिले.
वरचे प्रवासी घंटा बडवत होते.

संध्याकाळी कळलं,
भरपाईला तोच कागद लागतो. मूळ प्रत.
आई काहीच बोलली नाही,
त्यापेक्षा बोलली असती तर बरं.
बॅटरी घेऊन बाबा आणि मी दारोदार,
विमान आलंय का हो आमचं?
लोक हसायचे, मग बाबांकडे बघून थांबायचे.
उर्सुलाबाईंच्या लिंबाच्या झाडात सापडलं,
टोक चेपलेलं, बाकी शाबूत.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं घड्यांवरून तळवा फिरवला,
कागद उलटा धरला, माझ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.

परतताना चढावर बाबांना दम लागला.
पायरीवर बसले, बूट सैल केले.
किती लांब गेलं होतं?
चार छपरं, मी म्हटलं.

पाच, बाबा म्हणाले.
खिडकीतून मोजली मी.