कोरी बाटली

अल खोरमध्ये खोर म्हणजे खाडी.
आमच्याकडे खोर लावतात
भांडणाला, नाहीतर चहाडीला.

ऑगस्टात इथलं पाणी तापल्या अंगाएवढं कोमट.
मला मात्र ते भेटतं चारच अक्षरांत,
ए, सी, जी, टी,
कोट्यवधी ओळी,
मीठ नाही, वास नाही.
मी लातूरची. समुद्र म्हणजे
भूगोलाच्या वहीतली निळी पेन्सिल.

आईला सांगितलं, विरजणात असतात ना,
तसलेच जीव, समुद्रातले,
ते मोजायचे प्रोग्रॅम लिहिते.
"मग समुद्राचं दही लागतं का गं?"
कधी कधी नासतं, आई.

स्टेशन सातचं नासलं, खारफुटीच्या तोंडाशी.
माझ्या तक्त्यात एकदम माणसाच्या कातडीवरचे जिवाणू,
समुद्रात ज्यांचं काही काम नाही असे.
बैठकीत कुणीतरी म्हणालं,
बोटीवरचा तो हातमोजे काढतो.

कुन्हिमोन. काढायचा खरा.
रबरात हात शिजतात म्हणायचा,
तळवे दाखवायचा, पांढरे, सुरकुतलेले,
ढीगभर धुणं धुऊन उठल्यासारखे.

आलेख मी काढून दिला.
त्याच्या पाळ्यांना लाल रंग मीच निवडला.
त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही,
काढून टाकलं असं कुणीच म्हणालं नाही.

फेब्रुवारीत निबंधाच्या परीक्षकानं
एका ओळीत विचारलं,
कोऱ्या बाटल्यांचं काय?

कोरी बाटली म्हणजे शुद्ध पाणी, समुद्र न पाहिलेलं,
लॅबमध्येच भरायचं, लॅबमध्येच गाळायचं,
नमुन्यांच्या सोबत चालवायचं,
साक्षीला.
मी त्या आधीच वगळल्या होत्या.
ओळ एकशे बारा:
रिकाम्यांत काय बघायचं?

रात्री अडीचला ती ओळ बंद करून पुन्हा चालवलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
कोऱ्या बाटल्यांत तीच कातडी.
बोटीवर कधी न चढलेल्या बाटल्यांत.
म्हणजे हात आमच्यातले कुणाचे,
किंवा किटमधल्या रसायनाचे,
कुणाचेही, त्याचे सोडून.

डॉ. नूफ बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.
मग म्हणाल्या, नंबर आहे त्याचा?

पोन्नानीला बर्फाच्या कारखान्यात असतो आता.
मी सगळं सांगितलं, ओळीच्या आकड्यासकट.
तो हसला, त्याच्या त्या हिंदीत म्हणाला,
"मॅडम, मोजा तो मैं निकालता था ना."
यावर काय बोलायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

पलीकडे यंत्र घरघरत होतं.
मग त्यानंच विचारलं, "पानी ठंडा हुआ उधर?"

माझ्या खिडकीतून धक्का दिसत नाही.
फाइल उघडली, तापमानाचा रकाना शोधला
आणि सांगितलं,
अठरा पूर्णांक चार.