पान दोनशे सात

औसा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये
मी पानाच्या बोलीवर मोडी वाचते.
पानाला अकरा रुपये. वाळवीचं असलं तर तेरा.
खाजामियाँ रुमाल सोडतात, झटकतात,
म्हणतात, "सावकाश बाई, शंभर वर्षांचा ठसका आहे ह्यो."

शेवळीच्या जहागिरीचं बाड.
भूकंपात गढीची उत्तरेची भिंत बसली
तेव्हा तळघरातून तीन पेट्या निघाल्या.
तीस वर्षं बुरशीनं वाचल्या.
आता वारसांना इतिहास छापायचा आहे,
गुळगुळीत कागदावर, सोनेरी कडेचा.

वारस म्हणजे यशवर्धनराव. शनिवारी येतात
पाण्याची बाटली आणि यादी घेऊन:
हत्ती किती होते, तालुकदार जेवायला कधी आले,
कुठे 'राजे' असं लिहिलंय का.
सापडेल ते मी देते.
हत्ती नव्हता. हौदा होता,
मिरवणुकीपुरता भाड्यानं आणलेला, परत न केलेला,
त्याचा तगादा नऊ पानं चालतो.
ती नऊ पानं त्यांनी नेली नाहीत.

बाकी सगळा जोंधळा.
फसली तेराशे सोळा, तेराशे सतरा,
खंडी, मण, पायली,
करडईचं तेल दिवाणखान्याला इतकं, देवाला तितकं,
घोड्याला हरभरा, घोड्याच्या गड्याला कण्या.
आमराईतल्या झाडाझाडाला नाव:
शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, बामणीण.
खुळखुळ्या वठला त्या साली
पाऊण पान हळहळ.

मोडी शिकवताना मास्तर सांगायचे,
आधी रेघ ओढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग अक्षरं लटकवत जा,
हात उचलू नका.
शब्द कुठे संपला, दुसरा कुठे लागला
हे वाचणाऱ्याचं दुखणं.
रंगो त्रिमल कारकुनाचा हात तसाच,
बेचाळीस वर्षं एका दमात.

पान दोनशे सात.
"मोट चालता विहिरीचा काठ ढासळोन
बैल एक, ढवळा, सहादाती, किंमत हाली रुपये चाळीस.
मोट व नाडा, रुपये साडेतीन.
गडी एक"

आणि हात उचललेला.

दोन बोटं कोरी जागा.
रेघ आहे, तिला काही लटकलेलं नाही.
खाली शाईचा एक ठिपका,
बोरू टेकून थांबल्याचा.
पुढच्या ओळीपासून परत जोंधळा.

मी पान उजेडाला धरलं.
खरवडलेलं नाही. पाण्यानं गेलेलं नाही.
खाजामियाँ म्हणाले, "नाव ठाऊक नसंल."
आंब्यांची होती की, मी म्हणाले.
"मग किंमत काढता आली नसंल."
आणि सुईत दोरा ओवायला बसले,
जो एरवी माझ्याकडून ओवून घेतात.

लिप्यंतराचा नियम एकच: जसं आहे तसं.
फाटलंय तिथे टिंबं, लागलं नाही तिथे प्रश्नचिन्ह.
लिहिलंच नाही, त्याला चिन्ह नाही.
कॉम्प्युटरवरच्या पोरानं ती जागा दोनदा मिटवली,
"मॅडम, स्पेस जास्त पडलीय."
तिसऱ्यांदा मी त्याच्या शेजारी बसले.

शनिवारी यशवर्धनरावांनी पान वाचलं.
ते यादीत नव्हतं.
विहीर कुठली, विचारलं.
लिहिलेलं नाही, मी म्हणाले.
"आमची एक आहे. एका बाजूचा काठ बसलेला.
लहानपणी तिकडं खेळू द्यायचे नाहीत.
का ते कुणी सांगायचं नाही."
बाटलीचं झाकण उघडलं, न पिताच लावलं.
हौद्याची नऊ पानंही मागितली जाताना.

महिनाअखेर बिल लिहायला घेतलं.
दोनशे सातपाशी पेन जरा थांबलं.
वाळवी नव्हती.
अकराच लावले.