दात कितला?

चोपड्यात, शिरपूर रस्त्याला लागून,
पंक्चरवाला आणि खतांचं दुकान यांच्या मध्ये
नऊ फुटांचं आमचं दुकान.
पाटीवर अजून बापाचंच नाव: सुपडू मिस्तरी, करवतीला धार.
खालची ओळ मी नंतर रंगवून घेतली,
सर्व प्रकारचे ब्लेड मिळतील.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, एक ब्लेड द्या.
जसं मेडिकलात जाऊन म्हणावं
एक गोळी द्या.

बाप मान वर करायचा नाही.
तिकोनी कानस दातांतून ओढत विचारायचा,
"काय कापानं शे?"
आणि मग ऐकत बसायचा. पाळणा, चौकट, मोटारीचा पाइप,
कुणाच्या घरात काय चाललंय ते
कापायच्या वस्तूवरून त्याला कळायचं.

साग उभा चिरायचा तर दात मोठे, विरळ,
भुशाला निघायला वाट लागते.
आडवा कापायचा तर बारीक आणि टोकदार.
ओली बाभूळ करवत धरून ठेवते, सोडत नाही,
तिच्यासाठी दात जास्त फाकवायचे.
सनमायकाला जिगसॉचं उलट्या दातांचं पातं,
नाहीतर कड फुटते
आणि ती फुटकी कड घरातली बाई रोज पुसते.
पातळ पत्रा असेल तर हॅकसॉला इंचात बत्तीस,
तोंडात मावतात तितके.
"तीन दात तरी एकदम टेकाले पाहिजेत," बाप म्हणायचा,
"एकला दात तुटी जास."

वैजापूरकडचा गुमान बारेला
प्रश्नाला उत्तर देत नसे.
पिशवीतून वीतभर बांबूचा तुकडा काढून
काउंटरवर ठेवायचा.
बापाचं सगळ्यांत आवडतं गिऱ्हाईक तेच.

दिवाळीनंतर बाप शिडीवरून पडला.
उजवं मनगट. दीड महिना प्लास्टर.
काढायला जळगावला नेलं,
तर डॉक्टरीण फेगडेबाईंच्या हातात
वायर लोंबणारी, गोल पात्याची करवत.
साठ वर्षं करवतींत काढलेला माणूस
पांढरा पडला. खुर्ची मागं सरकवली, म्हणाला,
"दात कितला?"
बाईंना माहीत नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.
त्यांनी बटण दाबलं आणि गुरगुरणारं पातं
स्वतःच्या तळव्यावर टेकवलं.
काही झालं नाही.
"हे फिरत नाही बाबा, नुसतं थरथरतं.
कडक असेल तेवढं कापतं,
कातडी मऊ, ती त्याच्यासोबत हलते."

बापानं डोळे मिटले.
भुईमुगाची शेंग फोडावी तसं प्लास्टर दोन बाजूंना उघडलं.
आतला हात मी ओळखला नाही.
घट्टे गेलेले, कातडी ओल्या कागदासारखी,
हा हात कधी काही कापलेला नाही असा.

जाण्याआधी त्यानं ती करवत मागून घेतली,
बंद आहे ना, दोनदा बघितलं,
आणि डाव्या अंगठ्याच्या नखानं
एकेक दात मोजला. बाहेर रांग होती.
बाई थांबल्या.

बसमध्ये तापीचा पूल गेला तरी गप्प.
अडावदला कुणीतरी केळ्यांची पाटी चढवली,
तेव्हा खिडकीकडेच बघत म्हणाला,
"आपला दुकानमा असं पातं नही."

कानस त्या हातात पुन्हा बसली नाही.
तो आता बाकावर असतो, आवाज ऐकतो,
आणि मी चुकीच्या कोनात घासलं
की खाकरतो.

आज सकाळी एक पोरगं आलं,
मुठीत घामेजलेली पन्नासची नोट.
एक ब्लेड द्या.
काय कापायचंय?
माहीत नाही, काकानं सांगितलं.

बाकावरून खाकरणं आलं.
मग विचारून ये, मी म्हटलं.
आणि जमलं तर
तुकडा घेऊन ये.