तोंड उघडं

पहिल्यांदा तोंडच दिसतं.
पोवळ्याच्या कपारीतून बाहेर आलेलं,
उघडतं, मिटतं, उघडतं,
कुणाला तरी शिव्या देतंय आणि आवाज पोचत नाहीये, असं.
मी सात वर्षांची असेन. पाण्याखालीच किंचाळले,
नाकातोंडात खारं पाणी.

बाबांनी काखेत धरून वर काढलं.
रागावलेली नाही गं. श्वास घेतेय.
तोंडाने पाणी आत, मानेजवळच्या दोन भोकांतून बाहेर,
दिवसभर तिला हेच काम.

मग नीट पाहिली.
मांडीएवढी जाड वाम,
तपकिरी अंगावर काळ्या ठिपक्यांची दाटी,
खवला एक नाही, नुसता बुळबुळीत चीक,
म्हणून इतक्या खरबरीत घरात राहूनही ओरखडा नाही.
छातीशी परांची जोडी नाही.
पाठीवरून एकच झालर निघते
ती शेपटाला वळसा घालून पोटाखाली येते.
डोळे बारीक, नावापुरते;
पुढे काढलेल्या नाकाच्या दोन नळ्या, सगळी भिस्त त्यांच्यावर.
उघड्या तोंडात एक झिंगा हिंडत होता,
दातांच्या फटी झाडत, रोजच्या कामाला आल्यासारखा.

घशात आणखी एक जबडा असतो, बाबा म्हणाले.
पहिला धरतो. दुसरा पुढे येऊन आत ओढतो.
पाहिलाय कुणी?
ज्यांनी पाहिला ते मासे होते.

नोनोउतीत बाबांच्या हातचे सापळे नावाजलेले.
न्गेआच्या चिवट काटक्या, काथ्याची दोरी,
खिळा एकही नाही, तळाशी दगड,
दारातून आत एक वळणाची वाट.
सापळा नव्हे, बिऱ्हाड म्हणायचं, ते सांगत.
तिला अंधारी, अरुंद, अंगाला लागणारी जागा हवी;
तेवढी बांधून द्यायची, आत माशाची आतडी ठेवायची,
की आपल्या पायांनी येते,
पाय नसले तरी.
शेवटची गाठ त्यांनी भावाला नाही, मला शिकवली,
रात्री, कंदील बारीक करून.

ती थोरली मात्र आम्ही कधी खाल्ली नाही.
मोठीच्या मांसात विष साठतं,
शेवाळातून लहान माशात, लहानातून मोठ्यात,
वर्षानुवर्षांचं.
शेजारच्या काइरोने कुठलीशी एक खाल्ली होती,
महिनाभर गार पाणी त्याला चटके देत होतं.
म्हणून ती सापळ्यात आली की बाबा दार सोडून देत,
दुसऱ्या दिवशी तीच, त्याच कपारीत.
तिला नाव दिलं नाही.
शेजाऱ्याला कोण नाव देतं?

यंदा बाबा चटईवर आहेत.
बोलणं जूनमध्येच संपलं.
तोंड उघडतं, मिटतं, उघडतं.
भावाची पोरं दारातूनच पळतात.
धाकटी तेवढी थांबली, माझ्या कपड्यात तोंड खुपसून म्हणाली,
आजोबा ओरडतायत, ऐकू येत नाहीये.

मी तिला काखेत धरून जवळ नेलं.
काय सांगायचं ते मला ठाऊक होतं,
या बेटावर माझ्याइतकं कुणालाच नसेल.
पहिल्या जबड्याने शब्द धरला,
दुसऱ्याने आत ओढून नेला.

बाहेर पाणी उतरत होतं.
खडकाशी काल लावलेला सापळा
अजून काढायचा होता.