वाटा

लोलयेच्या सड्याखाली रुझारचे अकरा माड,
आणि सातव्या माडाचं दामणं
रोज पहाटे अर्धंच.

चोर माणूस नव्हे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं.
माणूस करवंटी परत झाकून ठेवतो.

वर सड्यावर, उघड्या जांभ्या दगडावर,
भेरलीमाडाच्या बिया, अख्ख्या, धुतल्यासारख्या.
उदमांजर आपला हिशेब असा चारचौघांत मांडतं.

ब्रुनोला हिशेब कळत नाहीत.
एका रात्री त्याने ते बुंध्याशी गाठलं.
ते पळालं नाही.
पाठीची कमान केली, शेपूट उचललं
आणि मागून सोडून दिलं काहीतरी.
दात नाही, नख नाही.
आंबलेल्या फणसासारखं,
ओल्या गोणपाटात मेलेल्या उंदरासारखं,
छे, कशासारखंच नाही.
ब्रुनो तीन दिवस विहिरीमागे झोपला,
नाक मातीत खुपसून,
स्वतःपासून जरा लांब जाता येतं का बघत.

सगळा वाडा हसला. रुझार नाही.
काणकोणच्या बसमध्ये
त्याच्याही शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच,
तीस वर्षांची सूर कातडीत मुरलेली.
"बरंय की," तो म्हणतो, "पाय पसरता येतात."

हल्ली सातव्या माडावर
तो करवंटी नेतच नाही.

आणि सड्याच्या फटीत, जिथे कुणी काही पेरलं नव्हतं,
गुडघ्याएवढे दोन भेरलीमाड.
रुझार जाता-येता त्यांना वळसा घालतो,
दुसऱ्याच्या कुळागरातून जावं तसा.