पाच मीटर

एकोणीस वर्षं मी सूर्यफुलांवर औषध फवारलं,
दुपंखी अँतोनोवमधून, जमिनीपासून पाच मीटरांवर.
फौजेतले वैमानिक हसायचे.
कँटीनमध्ये म्हणायचे, आला बघा ट्रॅक्टरवाला,
याच्या चाकांना कोबीची पानं चिकटलेली असतात.
खरंच असायची.

ते दहा हजारांवर जायचे.
तिथून म्हणे इंगुल नदी
कंगव्यात अडकलेल्या केसाएवढी दिसते.
आम्ही तर दिसतच नसू.
जो वर, तो जिंकला,
एवढं एकच त्यांना घोकून घोकून शिकवलेलं.

परवा त्यांच्यातला एक माझ्या दारात आला.
लुकियान. सव्वीस वर्षांचा, ओठ फुटलेले.
बूट बाहेर काढले,
मधाची बरणी उचलून कडेला ठेवली,
टेबलावर नकाशा पसरला
आणि विचारलं, काका, तारा कुठे कुठे आहेत?

मी लगेच नाही सांगितलं. चहा टाकला.
म्हातारपणी एवढा सूड चालतो.

मग तोच बोलला.
पलीकडे, शंभर-दीडशे किलोमीटरवर,
कुठल्यातरी झाडीत एक ट्रक उभा असतो.
विमान नाही, काका. ट्रक.
पाठीवर चार नळकांडी, आत तीन माणसं,
त्यातला एक बहुतेक सूप गरम करत असतो.
आपण जरा डोकं वर काढलं
की त्यांच्या काचेवर ठिपका उमटतो.
पुढे सूप थंड व्हायच्या आत सगळं आटपतं.

मला ठाऊक होतं. आपल्याकडेही तेच.
माझ्या चेरीच्या बागेत दोन रात्री तसाच ट्रक होता.
सोलोमिया नावाची मुलगी रडार लावायची,
आठ सेकंद, की बंद.
आपण दिवा लावला की आपणही दिसतो, आजोबा.
तिसऱ्या सकाळी चाकोऱ्या उरल्या होत्या
आणि चेरीच्या बिया, एका जागी नीट थुंकलेल्या.

त्यांची विमानं इकडे येत नाहीत,
आपली तिकडे जात नाहीत.
एवढं मोठं आभाळ, कुणाच्याच नावावर नाही.
करकोचे तेवढे फिरतात.

आनंदानं माणसाला आभाळ ठेंगणं होतं म्हणतात.
इथे ते भीतीनं झालं,
खाली येत येत थेट माझ्या पाच मीटरांवर येऊन टेकलं.

मी पेन्सिल घेतली.
ही मोठी वाहिनी, हिच्या खालून जायचं, वरून नाही.
हे पॉपलर, आता उंच झाले असतील.
धान्याचं कोठार. त्याच्यामागे सकाळी सूर्य डोळ्यात येतो,
मान डावीकडे ठेव.
तो लिहून घेत होता, शाळेतल्यासारखा, जीभ दातात धरून.
जाताना म्हणाला, तुम्ही तर उस्ताद आहात.
मी म्हटलं, ट्रॅक्टरवाला.

रात्री दोनला जाग आली.
परास्कानं पंपासाठी एक तार ओढून घेतली होती,
ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर.
सत्याऐंशी साली. का अठ्ठ्याऐंशी?
परास्का गेली. पंप गेला.
तार?

फोन लागेना. सायकल काढली.
गुडघे कुरकुरत होते, का चेन, कळलं नाही.
तिसऱ्या वळणाला उजाडलं.
दोन्ही खांब जागेवर होते, एकावर करकोच्याचं घरटं,
आणि मध्ये, धुक्यात भिजलेली,
ती होती.

मी खिशातला रुमाल काढला. मग ठेवून दिला.
हात कुठवर पोचणार होता?

तेवढ्यात पॉपलरची सगळी पानं
एकदम पांढरी बाजू दाखवून उलटली.
आवाज नंतर आला,
माझ्या डोक्यावरून, सायकलवरून, ओढ्यावरून.
मी डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू.

उघडले तेव्हा
तार अजून थरथरत होती.
करकोचा उठला नव्हता.