न बोलणारा ह

बाईंनी वहीत चिठ्ठी डकवून पाठवली आहे:
रोज पंधरा मिनिटं. घरी. प्रेमाने.
पंधरा मिनिटं काढीन कशीतरी,
‘प्रेमाने’ला मात्र वेळ लागतो.
मार्च लागला की वाल्पाराइसोची सगळी पोरं
एका रात्रीत उंच होतात,
तेरा गणवेश उसवून पडलेत माझ्यापुढे.

तर आमची शाळा शिलाई मशीनच्या कडेला.
डाव्या हाताला मायते, उजव्या हाताला इस्त्री,
मध्ये पीचच्या जुन्या डब्यात बटणं.
राखाडी बटण म्हणजे एक.
निळं, ओव्हरकोटाचं, म्हणजे दहा.
हे तिनंच ठरवलं.
दहा राखाडी मोजून घेते, मगच एक निळं सोडते,
धक्क्यावरच्या मासेवालीसारखी.

अडतं ते पंधरापाशी.

ओन्से तिला पहिल्या दिवशीच आलं,
कारण अकरालाही ओन्से म्हणतात
आणि संध्याकाळच्या चहालाही,
पाव-लोण्यासकट पाठ झालं ते.
मग दोसे, त्रेसे, कातोर्से,
आणि एकदम सोळा.
टेकडीच्या पायऱ्या उतरताना रोज तेच.
दोन्या ओफेलिया खिडकीतून ओरडते,
अगं, तिथे पाय घसरेल कोणाचा तरी!
मी समजावते: अकरा ते पंधरा ही पाच वांड कार्टी,
ज्याचं त्याचं नाव भलतंच.
सोळापासून शहाणी माणसं,
दहा-आणि-सहा, दहा-आणि-सात,
विचारलं की बापाच्या नावासकट सांगतात.
ती ऐकून घेते.
आणि पंधरावी पायरी पुन्हा उडी मारून ओलांडते.

अक्षरांचं त्या मानाने बरं चाललं होतं.
म ला ओठ मिटायचे, आ ला उघडायचे,
बोट पुढे, आवाज मागून, धापा टाकत.
मंगळवारी कार्डावर अंडं आलं.
उएवो, चित्र बघून ती म्हणाली, आणि उ शोधू लागली.
उ होता दुसऱ्या जागेवर.
पहिल्या जागेवर दोन खांब, मध्ये दांडी.
हा काय म्हणतो?
हा ह. हा काही म्हणत नाही.
मग बसलाय कशाला?

मी म्हटलं, नियम आहे.
तिने खोडरबर घेतलं.
मी पुन्हा लिहिला, तिने पुन्हा खोडला,
तिसऱ्यांदा कागद फाटला आणि मी ओरडले,
इतकी, की इस्त्री कॉलरवर राहिली
आणि कुणा पोराची कॉलर करपली.
पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती.
त्या आधीच दुसरंही संपलं होतं.

रेनातो शुक्रवारी आला.
सात दिवस उत्तरेला खाणीत, सात दिवस घरी,
रोज रात्री एक राखाडी बटण बशीत टाकून
मायते त्याला जवळ आणते.
आला की तो दार लोटतो, बूट काढतो, बसतो.
कानांच्या पाळ्यांत वाळवंटाची धूळ.
दोन अंडी खातो, चहा पितो,
मी काय विचारायचं ते विचारून झालेलं असतं,
तो मान हलवतो.
पूर्वी मला राग यायचा. आता बशी उचलते.

मायते त्याच्या शेजारी, पाय लोंबकळत,
त्याच्याकडे बघत राहिली बराच वेळ.
मग वही ओढली.
एर्मानो, भाऊ, एकेक अक्षर पुटपुटत,
र उलटा, न च्या पोटात म ची एक जास्त टेकडी.
लिहून झालं, तरी पेन्सिल ठेवली नाही.
शब्दाच्या आधी, समासाला घासून,
दोन खांब काढले आणि दांडी,
दांडी जरा कललेली, दमलेली.

हा रेनातो, ती मला म्हणाली.
बोलत नाही. पण लिहायचा.

रेनातोने वही स्वतःकडे फिरवली, पाहिली,
आणि अर्धा पाव तिच्या ताटलीत ठेवला.

पंधरा अजून सापडलेलं नाही.
बशीतली सात बटणं मी डब्यात परत टाकली
आणि करपलेल्या कॉलरला
उलट बाजूने नवं कापड लावायला घेतलं.